लहानीला थांबायला शिकवताना

मुलं कशी शिकतात यावर लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही, आणि मीही नुसता गेलो आहे, अजून बाहेर निघालेलो नाही. मानसशास्त्राचा एक पेपर घेतला आहे, त्यातलं इंग्रजी वाक्य मला दोनदा वाचावं लागतं. मूल म्हणाल तर जवळून एकच पाहिलं, माझी धाकटी बहीण. घरात तिला लहानी म्हणतात. एका मुलीवरून सगळ्या मुलांबद्दल काही बोलावं एवढं माझं ज्ञान नाही, आणि जे पाहिलं त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. तरी लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी माझं हे धाडस पोटात घालावं, आणि कुणाला माझ्यापेक्षा जास्त कळलं तर मला सांगावं.

आमचं गाव देवळीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. बाबा हंगामात जिनात कापसाची बोंदरी, म्हणजे मोठाली पोती, उचलतात, एरवी मिळेल त्याच्या वावरात कामाला जातात. माय निंदणाला, वेचणीला जाते. मी वर्ध्याला वसतिगृहात राहतो आणि शनिवारी दुपारच्या मोटारीनं घरी येतो.

ज्या दसऱ्याला बाबा आणि वस्तीतली बरीच माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, तिथून हे सुरू झालं असं मला वाटतं. परत आल्यावर बाबांनी कोनाड्यातले देव उचलले, नदीत सोडून आले आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. तिथे घेतलेल्या प्रतिज्ञा त्यांना पाठ म्हणता येत नव्हत्या. म्हणून त्यांना जे समजलं होतं ते त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं.

"आजपासून कोनासाठी थांबाचं नाई. बस. थांबणं सरलं."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आम्हाला वाटलं नाही. उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली की माय गावच्या विहिरीजवळ घागर ठेवून लांब उभी राहायची, कुणी ओतेल तोवर. दुकानात आम्ही पायरीखाली उभे राहायचो, वरचं गिऱ्हाईक संपेल तोवर. मी याच गावच्या शाळेत शिकलो. तहान लागली की रांजणापासून दूर ओंजळ करून उभा राहायचो. वरच्या वर्गातल्या कुणाला आठवण झाली की तो वरून पाणी सोडायचा.

या थांबण्यात मी फार हुशार होतो. गुरुजींनी प्रश्न विचारला की आधी बाकीच्यांना बोलू द्यायचो, मनातल्या मनात उत्तर पुन्हा तपासायचो, आणि कुणालाच आलं नाही तर सांगायचो. त्या वेळचे गुरुजी म्हणायचे, "पोरगा शांत आहे, पुढं जाईल." मी पुढं गेलो. थांबलो म्हणून गेलो की थांबूनसुद्धा गेलो, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

लहानी त्या वर्षी पहिलीत होती. दसऱ्याच्या आधी ती दाराजवळ बसायची आणि कुणी विचारलं तर खाली बघायची. बाबांचं ते बोलणं तिनं जसंच्या तसं घेतलं. मोठ्या माणसानं सांगितलेलं मूल कसं घेतं याचा आम्ही कुणी विचारच केला नव्हता. ती थांबायची बंद झाली. ताटात भाकर पडायच्या आधी हात पुढे करायची. मी बोलत असलो तर माझं वाक्य आपणच संपवायची. वस्तीतल्या बायका हसायच्या, "दीक्षा खरी घेतली ती ह्या पोट्टीनंच!" बाबाही हसायचे. त्यांना आवडत होतं.

त्या वर्षी तिला पहिलीतच ठेवलं. पुढच्या वर्षी शाळेत नवे गुरुजी आले, सेलूकडचे, वयानं माझ्याहून थोडेच मोठे. त्याच पावसाळ्यात आमच्याकडे बाळ झालं. मायनं तेव्हाच सांगून टाकलं, "यंदा पास झाली तं जाईल शाळेत. नाईतं घरी बाळ धरील. मले वेचणीले गेल्याशिवाय जमत नाई." बाबांनाही ते कबूल होतं. त्यामुळे लहानीचं सगळं त्या एका परीक्षेवर आलं. पहिलीची परीक्षा घ्यायला शाळा तपासणारे डिप्टीसाहेब येतात, प्रत्येक मुलाला उभं करतात आणि तोंडी विचारतात.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी शाळेवरून जात असताना गुरुजींनी मला हाक मारली.

"या कॉलेजवाले! तुमच्या बहिणीचं काय करू सांगा."

"काऊन गुरुजी, येत नाई का तिले?"

"येतं हो. तेच तर. बसा, ऐका." ते आत वळून म्हणाले, "लहाने, सात आणि..."

"बारा!" आतून आवाज आला.

"मी अजून दुसरा आकडा सांगितला नाही," गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले. "लिहायला सांगितलं तर पहिला शब्द ऐकते आणि पाटी भरून टाकते. सूत कातायला टकळी दिली तर कापसाचा पेळू ओढून सूत तोडते. वर्गात हिच्याइतकी चलाख पोरगी नाही, पण धीर नाही. साहेब एकदाच विचारतात. तिथे असं केलं तर गेली."

मग त्यांनी रांजणाकडे बोट दाखवलं. "आणि हे पाणी. मी आल्यावर सगळ्यांची एक ओळ केली. पाटलाचा नातू असो की कोणी, ओळीत उभं राहायचं आणि आपल्या हातानं पाण्याचा गडवा घ्यायचा. काही घरांतून मला बोलणी बसली त्यासाठी. आणि ही? ही ओळच मोडते. आता सांगा."

मी तिच्याशी बोलतो म्हणालो आणि निघालो. त्याच महिन्यात आमच्या प्राध्यापकांनी लहान मुलांच्या मनाबद्दल शिकवलं होतं. पुस्तकातला इंग्रजी शब्द आम्हाला कळला नाही तेव्हा ते मराठीत म्हणाले, "मनाला थोपवून धरणं." जे मूल आधी आलेली ऊर्मी आवरतं, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवतं, आणि सांगणं बदललं की आपणही बदलतं, त्याला शाळेत पुढे सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ते उतरवून घेतलं आणि मग माझा हात थांबला. मनाला थोपवून धरणं आमच्या वस्तीत कुणाला येत नव्हतं? माझ्या मायएवढं ते कुणाला येत होतं? मग आमची सगळी वस्ती शिकून मोठी व्हायला हवी होती. की ते थोपवणं वेगळं आणि हे वेगळं? तास संपल्यावर विचारायला मी टेबलाजवळ गेलो. बाकीच्यांचे प्रश्न होऊ दिले. तेवढ्यात घंटा झाली. सर म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं होतं?" मी म्हणालो, "नाही सर."

त्या शनिवारी जेवताना मी लहानीला म्हणालो, "लहाने, गुरुजीचं बोलणं सरेपर्यंत थांबत जाय."

बाबांचा हात ताटातच राहिला. "काय शिकवून राह्यला तिले?"

"गुरुजी म्हणते, तिले थांबता येत नाई."

"येतच नाई पाह्यजे! थांबता येणाऱ्याईचं काय झालं ते माहीत नाई का तुले? तुहा बाप थांबला, तुही माय थांबली. आता एक पोट्टी निघाली न थांबणारी, तं तू कॉलेजातून हे घेऊन आला?"

"बाबा, पानी प्याची लाइन सगळ्याईसाठी आहे."

"पाहातोच मी लाइन."

सोमवारी मला सुट्टी होती. बाबा कामाला गेले नाहीत, धुतलेला सदरा घालून शाळेत निघाले. मी मागून गेलो, कारण काहीतरी वाढेल अशी मला भीती वाटत होती. बाबांनी ओसरीवर चढताच विचारलं, "गुरुजी, माह्या पोट्टीनं पानी प्याले मांगं राह्यलं पाह्यजे, असं म्हणणं आहे का तुमचं?"

"मागं नाही हो. नंबरानं. तुम्ही बसा, मधली सुट्टी होईलच. तुम्हीच बघा."

गुरुजी त्यांना 'तुम्ही' म्हणाले, हे बाबांच्या लक्षात आलं असावं. ते बसले नाहीत, पण आवाज खाली आला.

सुट्टीची घंटा झाली. मुलं धावत रांजणाकडे आली आणि ओळ लागली. पाटलाचा नातू मधेच कुठेतरी होता, पुढच्या पोराला ढोपरानं ढोसत होता, पण ओळीत होता. लहानी पाटी पुसून सगळ्यांच्या नंतर बाहेर आली आणि कुणाकडे न बघता सरळ पुढे गेली.

"गुरुजी, पाहा, तोडली लाइन!" ओळीतलं एक पोर ओरडलं.

"आली महाराणी! सरा बे सरा, राणीसाहेबाले पानी पाह्यजे!" दुसऱ्यानं री ओढली.

तिनं गडवा उचलला. बाबा पाहत होते. मग ते ओसरीवरून उतरले आणि ओळीच्या शेवटी, एका शेंबड्या पोराच्या मागे जाऊन उभे राहिले. 

लहानी गडवा हातात धरून म्हणाली, "बाबा, तुमी काऊन उभे राह्यले?"

"तहान लागली."

"मंग या नं इकडे."

"येतो. नंबर येऊ दे. तू बी ये माह्याजवळ."

तिला ते समजलं नाही. पण तिनं गडवा ठेवला आणि येऊन बाबांच्या मागे उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं की सगळं सुटलं असंच वाटलं. गुरुजींनीही माझ्याकडे पाहून मान हलवली. ओळ पुढे सरकत गेली. शेंबड्या पोराचं पिऊन झालं, त्यानं गडवा बुडवून भरला आणि बाबांपुढे धरला.

बाबा कमरेतून वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेली.

त्यांनी ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. हातच तसे गेले. पोरगं गोंधळलं. ओतायचं की द्यायचं, त्याला कळेना. त्यानं गुरुजींकडे पाहिलं, गुरुजी जमिनीकडे पाहत होते. बाबा तसेच वाकून उभे.

"बाबा!" लहानी मागून ओरडली. "गडवा घ्या नं! हातानं घ्या! असे काऊन करून राह्यले?"

पोरं हसली. कशाला हसली ते मला माहीत नाही. बाबांनी गडवा घेतला आणि प्याले. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

घरी येताना ते पुढे चालत होते आणि मी मागे. वस्ती जवळ आली तेव्हा मागे न वळता म्हणाले, "शिकव तिले. थांबाचं कसं ते. पन माह्या समोर नोको."

हे ते हरले म्हणून म्हणाले, की त्यांना ओळ पटली म्हणून, की लहानीनं आपल्यासारखं होऊ नये म्हणून, मी विचारलं नाही. तिसरं कारण असेल तर मग तिला थांबायला शिकव असं कसं म्हणाले, हेही कळलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी-रविवारी बाबा घरी नसताना मी तिला ओट्यावर घेऊन बसू लागलो. शिकवायचं कसं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, माझं बोलणं सरेपर्यंत ओठ मिटून धरायचे. तिनं बोटांच्या चिमटीत ओठ धरले. मग मी म्हटलं, आधी प्रश्न जसाच्या तसा परत म्हणायचा आणि नंतर उत्तर द्यायचं.

"सात अन् पाच किती?"

"सात अन् पाच किती," ती म्हणाली. मग आपली बोटं चाचपत राहिली. "दादा, प्रश्न म्हणता म्हणता उत्तर पळून गेलं."

मला हसू आलं, पण त्यात काहीतरी खरं होतं. एक धरलं की दुसरं सुटत होतं. म्हणून मी चिंचोके आणले. प्रश्न ऐकताना तिनं चिंचोके मांडून ठेवायचे आणि तो संपला की मोजायचे. हात गुंतले की तोंड जरा उशिरा उघडायचं. हळूहळू जमू लागलं. माय बाळाला पाजता पाजता बघायची.

"आंधी चूप होती, तं बोलती केली. आता बोलती आहे, तं चूप करून राह्यले. पोट्टीचं डोस्कं आहे का खेळणं आहे तुमचं बापलेकाचं?"

 पण गुरुजी म्हणत होते की फरक पडतो आहे. लिहिताना ती आता पूर्ण वाक्य ऐकते, सूतही कमी तुटतं. त्यामुळे मी शिकवत राहिलो.

संक्रांतीच्या सुमाराला एका रविवारी मायनं तिला मीठ आणायला दुकानात पाठवलं. चूल पेटली, भाजी शिजत आली, तरी लहानी परत येईना. माय म्हणाली, "पाहून ये रे, कोठी खेळत बसली ते." मी गेलो. ती खेळत नव्हती. दुकानाच्या पायरीखाली, आम्ही पूर्वी उभे राहायचो त्याच जागी ती उभी होती. बोटांच्या चिमटीत ओठ धरलेले. तिच्यानंतर आलेली माणसं वरून माल घेऊन जात होती.

दुकानदार मला म्हणाला, "तुमची पोट्टी बह्याड आहे का रे? कवाची उभी आहे, काय पाह्यजे ते सांगतच नाई."

त्यानं तिला थांब म्हटलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यानं म्हटलं असेल, नसेलही. मीठ घेतलं. परत येताना लहानी खुशीत होती. "दादा, मी मधात एकदाबी नाई बोलली!"

 जे बाबांनी एका वाक्यानं मोडलं होतं ते मी चिंचोके घेऊन पुन्हा बसवलं की काय, असं वाटलं.

"लहाने, दुकानात बोलाचं असते."

"तूच म्हटलं, थांबाचं."

"गुरुजी बोलत असते तवा थांबाचं. लाइनीत थांबाचं. ज्याचा नंबर आंधी, त्याचं आंधी. तुहा नंबर आला का बोलाचं."

"दुकानात लाइन कोठी आहे?"

"नाई आहे. पन जो आंधी आला त्याचा नंबर."

ती थोडा वेळ चालली. प्रश्न डोक्यात धरून होती हे दिसत होतं. मीच ते शिकवलं होतं. मग म्हणाली, "मी आंधी आली हे त्याले दिसते, तरी तो दुसऱ्याले देते. मंग?"

"मंग सांगाचं त्याले."

"अन् गुरुजीनं तसं केलं तं?"

"गुरुजी नाई करत."

"अन् डिप्टीनं?"

मी म्हणालो, "डिप्टीचं बोलणं सरू दे, मग पाह्यजो." हे उत्तर नव्हतं, तिलाही ते कळलं. वर्गातल्या बाकीच्या मुलांना एकच गोष्ट शिकायची होती, थांबायचं. हिला दोन शिकायच्या होत्या, आणि कुठं कोणती लागू हे दर वेळी आपणच ओळखायचं होतं, तेही सात वर्षांच्या वयात. मला अजून ते ओळखता येत नाही. पुस्तकात यावर काही असेल म्हणून मी तो धडा पुन्हा वाचला. असेलही त्यात, पण माझं इंग्रजी तिथवर पोचलं नाही.

मग माझीच परीक्षा जवळ आली आणि शनिवारचं घरी जाणं बंद झालं. शेवटच्या रविवारी मी तिला काय शिकवावं हे ठरवू शकलो नाही. ओठ धरू नको एवढंच सांगितलं. डिप्टीसाहेब कधी येणार ते गुरुजींनाही नक्की माहीत नव्हतं. पेपर लिहिताना मधेच मला दुकानाची ती पायरी दिसायची.

माझे पेपर संपायच्या बेतात असताना मामा वर्ध्याच्या बाजाराला आले आणि मायनं दिलेल्या भाकरी घेऊन वसतिगृहात आले. खाली झाडाजवळ बसून बोलू लागले. बाळाले दात येऊन राह्यले. वस्तीच्या विहिरीत यंदा लवकर खडक दिसला. जिन बंद झालं, बाबा आता काम पाहून राह्यले. मला मधेच विचारावंसं वाटत होतं आणि मी विचारत नव्हतो.

शेवटी ते म्हणाले, "अन् हो, तो डिप्टी येऊन गेला शाळेत. तुहे बाबा गेलते, बाहेर उभे होते, त्याईनं सांगतलं. साहेबानं लहानीले उभं केलं. टोपलीत इतके आंबे, इतके खाल्ले, इतके सडले, मंग राह्यले किती, असं काईतरी. ही चूप. साहेब म्हणे, येत नाई का? अन् दुसऱ्या पोट्ट्याले उठवलं. तो तोंड उघडणार, तं ही म्हणते, 'साहेब, ते मले इचारलं होतं. तुमचं बोलणं सरलं का?'"

"मग?"

"साहेब पाहातच राह्यला म्हणे. म्हणे, सरलं. मंग सांगतलं तिनं."

"बरोबर सांगतलं?"

"आता मले काय मालूम बाप्पा, किती आंबे होते ते," मामा उठत म्हणाले. "दुसरीत गेली."